बेडकाला आठ स्क्रू

जानेवारीत नदी गोठून दगड झालेली असते, तेव्हा डेल स्कोग्लंड लोकांच्या तळघरात उतरून घर तापवणाऱ्या त्यांच्या बंद पडलेल्या भट्ट्या शिट्टी वाजवत दुरुस्त करतो. एल्क फोर्ड गावातल्या निम्म्या घरांत थंडीतही लोक अनवाणी फिरतात ते त्याच्या कृपेने. पण हाच माणूस गळ्यात गिटार अडकवून चार लोकांसमोर उभा राहिला, की असा दिसतो, जणू त्याला फाशीच्या तख्तावर चढवलंय.

आणि तरीही सव्वीस वर्षं तो बॅण्डमध्ये आहे. जत्रा, लग्नं, चर्चच्या सहली, कुठेही बोलवा. बॅण्ड व्हर्ना क्रूगरचा. ती ड्रम वाजवते. आयुष्यभर तिने शाळेची बस चालवली, त्यामुळे मागे कोण काय करतंय हे तिला मान न वळवता कळतं.

डेलच्या पायाशी एक फळी असते. घरी कापलेली, प्लायवूडची. तिच्यावर चार डब्या. डबी पायाने दाबली की गिटारचा आवाज बदलतो. एकीने घुमतो, एकीने थरथरतो. चौथी डबी सगळ्यात जुनी, हिरवी, पोपडे उडालेली. ती दाबली की गिटार अशी डरकते की पहिल्या रांगेतली पोरं किंचाळतात. तिला सगळे बेडूक म्हणतात. बॅण्डचं स्वतःचं एक गाणं आहे, बर्फात रुतलेल्या ट्रकचं. त्यात ट्रकची चाकं गरगरतात तो सबंध एक मिनिट बेडकाचा. अख्खी काउंटी त्या मिनिटासाठी थांबलेली असते.

जूनमध्ये एका गोठ्याच्या अंगणात दूधवाल्या शेतकऱ्यांनी गावाला दिलेली न्याहारी होती. बॅण्डसमोर शेकडो माणसं ऑम्लेट खात बसलेली. ऊन असं, की डब्या फळीला धरून ठेवणाऱ्या वेलक्रोच्या पट्ट्यांचा गोंद वितळून काकवी झाला. चाकं गरगरायची वेळ आली, डेलने पाय दिला आणि बेडूक फळीवरून घसरला. वायर सुटली. गिटार मुकी. डेल खांबासारखा उभा. गाणं संपेपर्यंत त्याने ना वायर उचलली, ना तोंडातून अक्षर काढलं.

सामान भरताना व्हर्ना म्हणाली, "डेल, पुन्हा एकदा असं झालं, तर मी टॉडला विचारणार आहे हं."

टॉड ब्रेक्के म्हणजे शेजारच्या गावचा दातांचा डॉक्टर, गिटारही वाजवतो. त्याची फळी विकतची, ॲल्युमिनियमची. म्हणे तिच्यावर गाडी नेली तरी डबी हलत नाही. गाडी नेऊन कोणी पाहिलं होतं कोण जाणे, पण डेलला मात्र ती गाडी स्वप्नात दिसायला लागली.

जुलैअखेर काउंटीची जत्रा. पाच आठवडे डेलच्या डोक्यात दुसरा विषय नाही. आधी नवा वेलक्रो आणला. चिकटवला आणि फळी उन्हात ठेवून दर दहा मिनिटांनी खिडकीतून बघत बसला. मग प्लास्टिकच्या पट्ट्यांनी डब्या आवळल्या. मग पट्ट्याही तुटतात असं कोणीतरी सांगितलं. जेवताना मध्येच उठून तो गॅरेजमध्ये जायचा, डब्या हलवून बघायचा आणि परत यायचा.

"पडली का?" त्याची बायको रोझान विचारायची.

"नाही."

"मग भाजी खा."

शेवटी त्याला सायकलची चेन सापडली. चेनच्या एकेका कडीला दोन भोकं असतात. एक भोक डबीच्या तळाच्या कोपऱ्यातल्या स्क्रूखाली घ्यायचं, दुसऱ्यातून स्क्रू थेट लाकडात. एका डबीला चार कोपरे, म्हणजे आठ स्क्रू. जत्रेच्या आधीच्या सोमवारी त्याने सगळ्या डब्या अशा जखडल्या, वायरी जोडल्या, फळी उलटी धरून गदागदा हलवली. काहीही हललं नाही. रोझानलाही हलवायला लावली.

"आता भूकंप आला तर घर पडेल, बेडूक नाही," ती म्हणाली.

मग वायरी पुन्हा काढल्या तर एखादी सैल बसेल, या भीतीने त्याने त्या तशाच लावून ठेवल्या. सोमवार ते शनिवार.

इथेच माशी शिंकली. बाकीच्या तीन डब्या भिंतीतल्या विजेवर चालतात. बेडूक जुन्या काळचा, फक्त सेलवर. आणि त्याची खोड अशी, की वायर आत खुपसलेली असली की तो आपला जागाच. दाबा, न दाबा, सेल पीत राहतो. हे डेलला सव्वीस वर्षं ठाऊक होतं. पण पडण्याच्या धसक्यात पडण्याखेरीज दुसरं काही सुचलं तर ना! आतला सेल ईस्टरचा, तीन-चार महिने जुना.

शनिवारी दुपारी जत्रेत स्टेज म्हणून लावलेल्या लांबलचक गाड्याच्या फळ्यांवर बॅण्ड चढला. समोर तळलेल्या चीझचा वास, बाकांवर माणसं, कडेला गाई. दुसऱ्या गाण्यात डेलने सहज म्हणून बेडूक दाबून पाहिला. नुसती खरखर, आणि तीही विझत गेली. पुन्हा दाबला. काही नाही.

त्याने खिसा चाचपला. खिशात नवे सेल तीन होते. पण सेल बसतो डबीच्या पोटात, पोट उघडतं तळातून, आणि तळ लाकडाला जखडलेला. चार स्क्रू लाकडाचे, चार पोटाचे. तिसऱ्या गाण्यात तो दुसऱ्याच गाण्याचं कडवं वाजवून बसला. चौथ्यात त्याला बाकावर टॉड ब्रेक्के दिसला. नीट पाहिलं तर तो टॉड नव्हता. गप्प राहावं, साध्याच आवाजात ते मिनिट काढावं? व्हर्नाला कळणारच. सांगावं? मग तर संपलंच.

शेवटच्या गाण्याआधी त्याचे पाय आपोआप ड्रमकडे वळले.

"व्हर्ना, बेडूक मेलाय."

"पडला?"

"पडेल कशाला! पडत नाही हीच तर पंचाईत. सेल संपलाय. सेल खाली आहे."

"कशाच्या खाली?"

"आठ स्क्रूंच्या."

व्हर्नाने त्याच्याकडे पाहिलं. बसमध्ये कोणी ओकलं की ती आरशातून अशीच बघायची. "किती वेळ?"

"चार मिनिटं. हात नाही थरथरला तर."

"म्हणजे आठ. बस खाली."

तिने माईक ओढला. "मंडळी, आपला डेल जरा दुरुस्तीला बसलाय. उन्हाळ्यात भट्टी तपासून घ्यायला कोणकोण विसरलं? हात वर करा! अरे, लाजताय काय?"

"माझ्या तळघरात त्याला दोन तास लागले होते!" मागून कोणीतरी ओरडलं.

"तुझ्या तळघरात आधी भट्टी शोधावी लागते, रॉजर!"

हशा झाला. लोकांकडे पाठ करून डेल गुडघ्यांवर बसला होता. पाचवा स्क्रू बोटांतून निसटला, फळ्यांच्या फटीतून खाली गवतात गेला. सहावा त्याने तोंडात धरला. सेल बसवला, पोट मिटलं, लाकडात दोनच स्क्रू फिरवले आणि उठला. व्हर्नाने काठ्या आपटल्या.

चाकं गरगरायची वेळ आली. डेलने डोळे मिटून पाय दिला. बेडूक डरकला. पहिल्या रांगेतली पोरं किंचाळली. डेलने मात्र त्या सबंध मिनिटात एकदाही वर पाहिलं नाही. त्या दोन स्क्रूंवरची नजर काढली की ते उपटतील, अशी त्याची खात्री होती.

सामान भरताना तो व्हर्नाच्या आसपास घुटमळत राहिला. ड्रम गुंडाळायला विनाकारण मदत केली. ती बोलेना, तेव्हा त्यानेच विचारलं.

"टॉडला विचारणार आहेस का मग?"

"विचारलंय. जूनमध्येच."

डेलचा चेहरा चुन्यासारखा झाला. "आणि?"

"हो म्हणाला. आजच्या दिवसावर ठेवलं होतं मी." तिने गोणपाटाची गाठ मारली. "आता त्याला नाही म्हणून सांगावं लागेल. आणि माझी दाढ त्याच्याकडे अर्धी कोरून ठेवलेली आहे, डेल. अर्धी! एवढं लक्षात ठेव."

डेलने मान डोलावली. गाडीचं दार उघडलं, बंद केलं, पुन्हा मागे आला.

"कधी सांगणार आहेस?"

"सोमवारी."

"आज नाही का करता येणार फोन?"