हापशाचे सांधे

मी ज्या डेस्कवर बातम्या संपादित करायचो, ती वर्तमानपत्राची कल्याण-डोंबिवली पुरवणी बंद झाली तेव्हा मी चाळिशी ओलांडली होती. थ्रीडी मॉडेलिंग शिकलो आणि ठाण्यात, टेंभी नाक्याजवळच्या एका गेम स्टुडिओत चाचणीवर लागलो. कायम करायचं की नाही हे एका मॉडेलवर ठरणार होतं. चार फोटोंवरून गावातला हापसा करायचा होता.

आधी सगळे बारीक उंचवटे असलेलं जड मॉडेल करायचं, मग ते उंचवटे चित्राच्या रूपात गेममध्ये चालणाऱ्या हलक्या मॉडेलवर उतरवायचे. याला तिथे बेक करणं म्हणतात. डेस्कवर दोन बातम्यांची एक करताना जोड दिसू द्यायचा नसतो. त्याच सवयीने मी नळकांडं, तोटी, बोल्ट असं सगळं एका अखंड जाळीत, म्हणजे मॉडेलचा पृष्ठभाग बनवणाऱ्या रेषांच्या जाळ्यात, विणलं. मॉडेल गुळगुळीत करताच प्रत्येक बोल्टभोवती नळकांडं चेपलं.

टीमची प्रमुख ठाकुर्लीची, माझ्यापेक्षा बरीच लहान. तिने मॉडेलवर उजेड फिरवला.

"काका, बोल्ट काय पाइपाला फुटलेत? कोंब आहेत का ते?"

शेजारचे दोघे हसले. ती म्हणाली, सुटे ठेवा आणि नळकांड्यात थोडे घुसवा; बेकमध्ये बाहेरून दिसतं तेवढंच उतरतं, जाळी आत जोडलेली आहे की नाही याच्याशी त्याला देणंघेणं नसतं.

मी सगळंच सुटं केलं, तोटीसुद्धा. नळकांडं पुन्हा गोल झालं, पण तोटीच्या बुडाशी सुरीने कापल्यासारखी रेघ उमटली. सोमवारी मॉडेल द्यायचं होतं.

रविवारी आंबिवलीला गेलो. स्टेशनपासून आत एक हापसा अजून चालतो. बोल्टच्या डोक्याखाली नख गेलं. तोटीच्या बुडाशी गेलं नाही. तिथे वेल्डिंगचा जाड वळ होता. पाण्याला आलेल्या बाईंनी विचारलं, महापालिकेचे का, दांडा कधी बदलताय. मी नाही म्हटलं.

"मग नुसतं चाचपताय कशाला? चार हात मारा की."

मी त्यांचा हंडा भरून दिला.

घरी येऊन तोटी नळकांड्याला जोडली आणि सांध्यावर वळ उठवला. जोडाभोवती जाळीच्या पुरेशा रेषा दिल्या, त्यामुळे या वेळी काही चेपलं नाही. बोल्ट सुटेच ठेवले.

सोमवारी मॉडेल बघताना टीमप्रमुख तोटीपाशी थांबली. हा वळ फोटोत नव्हता, म्हणाली. मी आंबिवलीचं सांगितलं.

"ठीक आहे. वर सांगते, काकांना ठेवून घ्या."

दुपारी पुढचं काम आलं, शिलाई मशीनचं. ते कुठे बघायला मिळेल, एवढंच मी विचारलं.