दारामागं वर्गणी

आमच्या गल्लीला एकच वळण होतं आणि नगरपालिकेचा रस्ता दर वेळी त्या वळणावर येऊन दमायचा. वळणाच्या वर अडत्या, शिंपी, किराणावाले अशी बडी घरं. खाली आम्ही, बौद्ध झालेली वीस-बावीस घरं. वरच्यांचं सांडपाणी उतारानं इमानेइतबारे आमच्याकडं यायचं, त्यामुळे काळ्या मातीचा चिखल आम्हाला बारमाही. शाळेला निघाले की मी चपला हातात घ्यायची, वळणापुढच्या नळावर पाय धुवायची आणि मग त्या घालायची. माझा बा गवंडी होता. गावातल्या अर्ध्या भिंती त्याच्या हातच्या, पण रस्ता एकदा तरी वळण उतरून आपल्या दाराशी यावा, ही त्याची हौस काही फिटत नव्हती.

आमचं गाव म्हैसूर राज्यात जाऊन चार-पाच वर्षं झाली असतील, तेव्हा शाळेच्या पडवीत सभा भरली. बानं मला बरोबर नेलं, कारण घरात कन्नड वाचता येणारी मी एकटीच. नवा ओव्हरसियर आला होता, त्यानं कन्नडातला कागद वाचला. रस्त्याचा काही खर्च सरकार करणार, उरलेला गल्लीनं वर्गणी काढून भरायचा. अडत्यानं लगेच त्याचं मराठी करून सांगितलं. त्या मराठीत सरकारचा वाटा बराच वाढला आणि गल्लीचा घटला. मी बाला कोपरानं ढोसलं.

‘‘गप बस. त्येला बोलू तर दे,’’ बा म्हणाला.

मग वर्गणी कशी वाटायची यावर रण माजलं. अडत्या म्हणाला, माणशी घ्या. त्याच्या घरात माणसं पाच, आमच्याकडं खोलीत नऊ. शिंपी म्हणाला, बैलगाडीवर लावा, रस्ता गाड्याच उखडतात. शिंप्याकडं गाडी नव्हती, हे सांगायला नकोच. गाडीवाले त्याच्या अंगावर धावले. ओव्हरसियर कपाळाला हात लावून बसला.

बा मागं उंबऱ्याशी उभा होता. तो म्हणाला, ‘‘दारावर लावा की, साहेब. ज्याचं दार रस्त्यावर उघडतंय, त्येनं दारामागं वर्गणी द्यावी.’’

अडत्याच्या घराला रस्त्याकडं पाच दारं होती. आधी तो दचकला. मग मनाशी काहीतरी ठरवून सगळ्यांच्या आधी मान डोलवायला लागला. दारं आठ दिवसांनी मोजू, असं ओव्हरसियरनं जाहीर केलं. आठ दिवसांची सवड देणारा माणूस आमच्या गावाला मुळीच ओळखत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळीच अडत्याचा गडी आमच्याकडं हजर. सावकारांना दारं बुजवायची आहेत, मिस्त्रीला बोलावलंय. चार दारं विटांनी बंद झाली, उरलं फक्त गोठ्याचं. ते बघून शिंप्यालाही आपलं एक दार एकाएकी नकोसं झालं, मग किराणावाल्याला. बा आठवडाभर दारं बुजवत होता. आमच्या एकुलत्या दाराची वर्गणी त्या मजुरीतनंच निघाली.

अडत्या पागोटं सांभाळत, वाकून, म्हशीच्या शेपटीमागनं घरात जायला लागला. त्याची बायको रस्त्यावर ऐकू येईल अशा आवाजात विचारायची, ‘‘आवं, दिवाळीला लक्ष्मी काय गोठ्यातनं यायची?’’ आमची आई मुद्दाम त्याच वेळी नळावर जायची.

मोजणी झाली. वळणाच्या वर दारं निघाली नऊ, खाली बावीस. ओव्हरसियर बिचारा नवा. या गावात रस्ता वरूनच सुरू होतो, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तो सरळपणे म्हणाला, ‘‘दारं खाली जास्त, वर्गणी खालची जास्त. काम खालनं सुरू करू. पैसे सरतील तिथं थांबू.’’

अडत्यानं कन्नडात, मराठीत आणि शेवटी दखनीत हरकत घेतली. पण वर्गणीचा नियम सभेत त्यानंच सगळ्यांच्या आधी मान्य केला होता, आणि आपली दारं किती, हेही त्यानंच सही करून दिलं होतं.

खडी आली, रोलर आला, डांबर तापलं. रस्ता आमच्या दारावरून वर चढला आणि बरोबर वळणावर संपला. मग सांडपाणी खडीनं उंच झालेल्या रस्त्याला अडून वळणाच्या वरच तुंबायला लागलं. पंधरा दिवस अडत्यानं कसेबसे काढले. शेवटी बाला पुन्हा बोलावणं आलं, या वेळी दारं फोडायला. चार दारं उघडली, चार दारांची वर्गणी भरली गेली, बाकीच्यांनीही आपापली उघडली, आणि रस्ता वरपर्यंत पोचला.

‘‘हे सगळं तुला आधीच ठाऊक हुतं व्हय?’’ मी बाला विचारलं. तो हातावरचा चुना झाडत नुसता हसला. त्या हसण्याचा मला फार राग यायचा, अजूनही आठवलं की येतो.

पूर्ण रस्त्यावरून पहिल्यांदा शाळेला निघाले तेव्हा बा कामावर निघाला होता, आम्ही बरोबरच चालत होतो. वळणापाशी त्यानं माझ्याकडं बघितलं. ‘‘चपला हातात कामून घेतल्यास? आता कुठं चिखल हाय?’’

सवयीनं घेतल्या होत्या. मी ओशाळून त्या पायात घातल्या.

पुढं अडत्याचं मोठं दार आलं, बानंच बुजवलेलं आणि बानंच उघडलेलं. अडत्या उंबऱ्यावर बसला होता. बाचं पाऊल एकदम थबकलं, तो खाली वाकला, हात चपलेपर्यंत गेला. मग तो तसाच सरळ झाला, मोठ्यानं खाकरला आणि चपला वाजवत दारापुढून गेला. अडत्यानं मान दुसरीकडं फिरवली. मीही चपला जरा जोरातच वाजवल्या. त्या दारापुढं बा आयुष्यभर चपला हातात घेऊन चालत आला होता, आणि तिथं चिखल कधीच नव्हता.