दर रविवारचा पेशंट

उभ्या विदर्भातल्या काळज्या एका माणसात कोंबल्या, तरी आमच्या थोरल्या साडभाऊंच्या पोटात आणखी पोतंभर मावतील. जन्मभर जिल्ह्याच्या आरोग्य खात्यात नियोजन केलं आणि निवृत्त झाल्यावर तोच कारखाना नागपुरातल्या आपल्या मोहल्ल्यात उघडला. नाव ठेवलं 'एकात्मिक आरोग्य आराखडा'. कोणी नुसतं शिंकलं तरी वस्तीतल्या आरोग्यसेविका आशाताईंनी कुठून धावायचं, औषधवाल्यानं काय काढून ठेवायचं, ऑटोचं तोंड कुठे हवं, सारं ठरलेलं. "गांधीबागेतून जाशील तर मालाच्या गाड्यांत फसशील गा!" हे त्यांनी ऑटोवाल्याला इतकं बजावलं, की तो बायकोला साडी घ्यायलाही तिकडे नेईना.

दर रविवारी सराव. पेशंट कायम साडभाऊच, कारण दुसऱ्याचं कण्हणं त्यांना पसंत पडत नसे. मी एकदा कण्हून पाहिलं, तर म्हणाले, "हे कण्हणं हाय? ढेकर देऊन राहिला तू!" ते स्वतः कण्हले की सावनेरपर्यंतची गुरं हंबरत. मग चौघं गडी त्यांना उचलून ऑटोत घालत.

एका दुपारी मी त्यांच्याकडे जेवत असताना त्यांच्या बायकोच्या, म्हणजे माझ्या मेहुणीताईंच्या, छातीत खरंच कळ आली. ताई भिंतीला टेकत खाली बसल्या. साडभाऊंनी शिटी फुंकली. मोहल्ला असा धावला की धुरळा उडाला. ऑटो लागला, चौघं आत घुसले आणि सवयीनं त्यांनी साडभाऊंनाच उचललं!

"मी नाही रे! तिले उचला, तिले!"

"आज भाऊ एकदम खरं कण्हून राहिले," एक जण कौतुकानं म्हणाला.

"अरे, वहिनी घामानं भिजली, भाऊले ठेवा खाली!" आशाताई गरजल्या. साडभाऊ धपकन जमिनीवर, ताई ऑटोत.

दवाखान्यात ताईंना आत नेलं, दार लागलं. ज्याचं त्याचं काम संपलं होतं. साडभाऊ तेवढे दारासमोर उभे.

"आता मी काय करू गा? पेशंटच्या नवऱ्यासाठी मी काहीच ठरवलं नाही."

मी त्यांचा हात धरून बाकावर बसवलं आणि दार उघडेपर्यंत शेजारी बसून राहिलो.

ताई वाचल्या. आराखड्यात आता एक काम वाढलंय, पेशंटच्या घरच्या माणसाजवळ बसायचं. ते माझ्याकडे आलं. रविवारी सगळे पांगले तरी आम्ही दोघं ओट्यावर बसलेलो असतो.

"अजून संपला नाही काय जी तुमचा सराव?" ताई आतून ओरडतात.

"नाही वं," साडभाऊ आतल्या आवाजाला कान लावून हळूच म्हणतात, "बोलत राय तू."