शिव्या मागणारी नर्सबाई

थांबा, हातातलं काम ठेवा, हे आत्ताच सांगायचंय, नायतर माझं पोट फुटेल! आख्ख्या पिंपरी पेंढारच्या पोरांना जिला शिवी द्यायची परवानगी व्हती, ती नर्सबाई म्हणजे माझी आई. आणि त्या पोरांवर मी लई जळायचे.

सुई टोचली, पोरानं भोकाड पसरलं, की आई त्याच्यापुढं खाली बसायची. "हां, आता मला एक शिवी दे बरं. मोठ्यानं. दुखणं पळतंय." पोरगं हुंदके देत म्हणायचं, "म्हशे!" आई खूश! "अजून एक हाण की!" आणि मी? घरी तिला चुकून 'गाढवे' म्हणाले तर पाठीत धपाटा. हा काय न्याय झाला राव?

सगळ्या पोरांच्या डोसच्या तारखा तिला तोंडपाठ. माझा वाढदिवस मात्र दुसऱ्या दिवशी आठवायचा. मी चिडले की म्हणायची, "अगं, गोवर आख्ख्या देशातनं घालवायचाय. एक पोर लसीवाचून सुटलं तरी गोवराला दार उघडं."

"मग मलाच होऊ दे गोवर, म्हंजी बघशील तरी माझ्याकडं!"

"तुला कसा व्हईल? तुझे दोन्ही डोस मीच दिलेत."

इथं पण हरले!

गेल्या वर्षी मी पुण्याला होस्टेलला निघाले. आई आळेफाट्यावर सोडायला आली, ती पण खांद्याला लसीचा निळा डबा अडकवून. तिथनं तशीच वस्तीवर लसीकरणाला जायची व्हती. म्हटलं, गाडी येईपर्यंत तरी ही माझी. एसटी लागली, आणि हिची नजर पलीकडं, कांदा काढून गावाला निघालेल्या मजुरांच्या टेम्पोवर. "अगं बाई, त्यातल्या आरतीचा दुसरा डोस राहिलाय! पुन्हा कुठं घावंल ती?" माझी बॅग माझ्याच पायावर टाकून पळाली.

मी बॅग ओढत गाडीत चढले. खिडकीतनं सगळं दिसत व्हतं. चार वर्षांची आरती रडतीये, मग ओरडतीये, "टवळे!" आणि आई हसतीये. कंडक्टरनं बेल मारली. मला एवढं रडू आलं, एवढा राग आला, की जीव खाऊन ओरडले, "सटवे! त्यांचीच आई हो तू!"

आईनं वळून बघितलं. डबा सावरत गाडीमागं पळत आली नि ओरडली, "अजून एक हाण की!"

नारायणगाव येईस्तोवर दुखणं निम्मं पळालं. निम्मंच. जळणं अजून तसंच हाय.

तुमची पण आई अशी गावानं वाटून घेतली व्हती का? जळलात का तुमी? सांगा ना!