वगळलेला सातवा अध्याय

मी सौसर सोडलं तेव्हा बस स्टँडवर एकटी आईच आली होती. जून महिना, सकाळचे साडेदहा, आणि ऊन असं की नागपूरच्या बसचा दांडा हातात धरवत नव्हता. आईनं एका पिशवीत तिळाची चटणी, भाजलेले शेंगदाणे आणि लिंबाचं लोणचं कोंबलं होतं. ती सारखी रस्त्याकडे बघत होती. मीही बघत होते, पण बघत नाही असं दाखवत होते. कंडक्टरनं घंटी दिली तेव्हा ती म्हणाली, "बगीच्यात पानी लावून राहिले असन ते. पोचल्यावर फोन करजो."

आता ज्यांच्या घरी संत्री आहेत त्यांना सांगायला नको, पण इतरांसाठी सांगते. मृग बहार घ्यायचा असला की उन्हाळ्याच्या शेवटी झाडांचं पाणी तोडतात. झाड ताणावर ठेवतात, म्हणजे पुढं ते फुलतं. त्या आठवड्यात आमची झाडं ताणावर होती. पाणी लावायचा प्रश्नच नव्हता. हे आईला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि तरी मी मान हलवून "हो, तिकडंच असतील" म्हटलं. बाबा आले नाहीत. कुठं गेले होते ते मी कधी विचारलं नाही.

न येण्याचं कारण साधं होतं. बाबा लोधीखेड्याच्या शाळेत मास्तर. मी बी.एस्सी. झाले, मग त्यांनीच डी.एड. करायला लावलं, त्यांनीच भरतीचा फॉर्म भरला. निकालाची वाट बघता बघता मी नागपुरात पॅथॉलॉजीचा एक कोर्स करून घेतला, तो नुसता वेळ जावा म्हणून असं घरी सांगून. पुढं निकाल लागला, माझी निवड झाली, बोरगावजवळच्या शाळेत नेमणूकही आली. बाबांनी साऱ्या सौसरला पेढे वाटले. आणि मी सांगितलं की मला पुण्याच्या लॅबमध्ये नोकरी मिळाली आहे, मी तिकडं जाते. ते फक्त एवढंच म्हणाले, "सरकारी नौकरी सोडून लोकायचं रक्त तपासाले चालली." त्यानंतर बोलणं संपलं ते संपलंच.

म्हणजे अगदी अबोला असं नाही. आमच्याकडं असले नाटकी प्रकार होत नाहीत. दिवाळीला गेले की "पाणी गरम आहे", "गाडी किती वाजता आहे" एवढं बोलायचे. माझ्या लग्नात त्यांनी सगळं केलं, याद्या करून, एक गोष्ट कमी पडू दिली नाही. पण माझ्याशी बोलले ते मांडवाबद्दल आणि आचाऱ्याबद्दल. फोन केला की आईच उचलायची. "बाबा कुठं आहेत?" विचारलं की बगीच्यात, नाहीतर बाजारात, नाहीतर आत्ताच झोपले. अकरा वर्षं माझा बाप माझा फोन यायच्या वेळेलाच बरोब्बर झोपत होता. मीही काही कमी नाही. मला काय गरज, असं म्हणत मीही अकरा वर्षं काढली. दोघंही एकाच मातीचे.

पुण्यात माझं चांगलं चाललं आहे. सुरुवातीला लोक म्हणायचे, एमपीच्या असून मराठी छान बोलता हो तुम्ही. मी हसून घ्यायचे. आमच्या घरात सात पिढ्या मराठीच बोलत आल्या, फक्त शाळेत हिंदीतून शिकलो, हे कितीदा आणि कोणाकोणाला सांगणार? हळूहळू "काहून" गेलं, "मले-तुले" गेलं, "करून राहिली" गेलं. कोणी काढून घेतलं नाही, माझं मीच गुंडाळून ठेवलं. तुमच्यापैकी जे माझ्यासारखे निघाले, त्यांनी काय काय गुंडाळून ठेवलं असेल ते तुमचं तुम्हाला ठाऊक.

मागच्या वर्षी लॅबमध्ये जेवायच्या सुट्टीत फोन चाळताना एका ऑनलाइन वाचन-उपक्रमाची जाहिरात दिसली. सहा महिने, सहा पुस्तकं, सगळी मेक्सिकोची. का भरला फॉर्म, देव जाणे. मेक्सिको म्हटलं की मला मिरची आणि मका एवढंच आठवायचं. स्पॅनिश येत नाही, इंग्रजी भाषांतरं वाचायची, तीही शब्दकोश उघडून. फॉर्मवर मूळ गाव आणि जिल्हा विचारला होता. सवयीनं छिंदवाडा लिहिलं, मग खोडून पांढुर्णा केलं. मी निघाले तेव्हा पांढुर्णा म्हणजे आईचं माहेर होतं, आता आमचा जिल्हा झाला आहे. माझ्या माघारी गावाचा पत्तासुद्धा बदलला, हे मला त्या फॉर्मवर पहिल्यांदा नीट कळलं.

उपक्रमाचा एक नियम होता. प्रत्येकानं एक सोबती घ्यायचा, ज्यानं असलं काही कधी वाचलेलं नाही असा. त्याला पुस्तक वाचून दाखवायचं किंवा सांगायचं, आणि सहा महिन्यांनी त्याच्याकडून चार ओळी लिहून घेऊन ग्रुपवर टाकायच्या. नवरा म्हणाला मला सोड. मी आईचं नाव लिहिलं.

आईला इंग्रजी येत नाही, म्हणून मी दर रविवारी सकाळी चहा झाला की एक-दोन अध्याय आपल्या शब्दांत सांगून व्हॉइस मेसेज करायचे. पहिल्या दिवशी पुण्याच्या मराठीत सुरू केलं आणि दोन मिनिटांत अडकले. आईशी असं कोण बोलतं? पुसून टाकलं आणि पुन्हा सुरू केलं, आपल्या बोलीत. "त्या गावात नं, एक मास्तर राहत होता." आणि सांगते, तोंडातून धो धो यायला लागलं सगळं. मेक्सिकोचा सरपंच आमच्या गल्लीतल्या माणसासारखा बोलायला लागला.

पहिल्या महिन्यात गोष्टी होत्या, त्या आईला आवडल्या. दुसऱ्या महिन्यात कविता होत्या, त्या ऐकताना तिला झोप लागली, हे तिनं स्वतःच कळवलं. तिसऱ्या महिन्यात ही कादंबरी आली. नाव सांगत नाही, कारण नाव सांगितलं की लोक विकत घेतात आणि मग माझ्या चुका काढत बसतात. उत्तरेकडचं एक कोरडं गाव, तिथला एक मास्तर आणि त्याचा मुलगा. गावातली सगळी पोरं एकेक करून सरहद्द ओलांडून निघून चालली आहेत, आणि मुलालाही जायचं आहे.

सुरुवातीलाच त्या घरात मास्तराची बायको भाकरी करते असा प्रसंग होता. मी आईला सोपं जावं म्हणून ज्वारीची भाकर म्हटलं. आईचं उत्तर आलं, तिच्या नेहमीच्या थाटात, छान आहे, पुढं सांग, तुझा खोकला गेला का. आणि तिच्या मागून, लांबून, एक आवाज आला. "मक्याची म्हनाव तिले. तिकडं ज्वारी कायची आली?"

मी तो मेसेज किती वेळा ऐकला ते सांगत नाही. बाबा ऐकत होते. शेजारच्या खोलीत, पेपर पुढं धरून, माझ्या आवाजात मेक्सिको ऐकत होते. पुढच्या रविवारी मी मक्याची भाकर म्हटलं, आणि उगाचच जरा मोठ्यानं बोलले.

मग सातवा अध्याय आला. त्यात मुलगा गाव सोडतो. ट्रक यायची वेळ होते, आई पोटलं बांधून देते, शेजारी जमतात, बाप येत नाही. तो सुट्टीच्या दिवशी शाळा उघडून रिकाम्या वर्गात जाऊन बसतो आणि फळ्यावर तारीख लिहितो. लेखक म्हणतो, बाप रागात होता. एवढंच, बाकी काही नाही. मी ते वाचलं आणि पुस्तक पालथं ठेवून दिलं. हे कसं सांगायचं? बाबांना वाटेल मी टोमणा मारते आहे, किंवा मी हे पुस्तक मुद्दाम शोधून काढलं. नुकता कुठं पेपरामागून एक आवाज आला होता, तोही बंद व्हायचा. मी घाबरले. त्या रविवारी मी सहाव्यानंतर सरळ आठवा सांगितला. आईला काही कळलं नाही. मला सुटल्यासारखं वाटलं आणि लाजही वाटली.

तिसऱ्या दिवशी दुपारी लॅबमध्ये फोन वाजला. नाव दिसलं, बाबा. त्या नंबरवरून मला कधीच फोन आला नव्हता. एका हातातला हातमोजा कसाबसा ओढून काढला. उचलल्या उचलल्या मी विचारलं, आईला काय झालं?

"आईले काही नाही झालं," बाबा म्हणाले. "तो पोट्टा सहाव्यात घरी होता आणि आठव्यात तिकडं काम करून राहिला. गेला कधी?"

मी म्हटलं, मधला अध्याय जरा रटाळ आहे, त्यात विशेष काही होत नाही.

"रटाळ असन तरी सांग. कोर्स पूरा झाला पाहिजे."

रविवारी मी तो अध्याय फोनवरच वाचला, मेसेज नाही, सरळ त्यांना. एकेक वाक्य, जसं होतं तसं. पोटलं, शेजारी, ट्रक, रिकामा वर्ग, फळ्यावरची तारीख. दोन ठिकाणी थांबून मी पाणी प्याले आणि पुढं वाचलं. पलीकडून नुसता पंख्याचा आवाज येत होता. संपल्यावर त्यांनी विचारलं, "त्यानं मागं पाहिलं काय, जाताना?"

"पाहिलं. दोनदा."

पुस्तकात तो एकदाच बघतो. दोनदा मी म्हटलं. "ठीक हाय" म्हणाले आणि फोन ठेवला.

त्यानंतर काहीच नाही. आठवडे गेले, चौथं पुस्तक झालं, पाचवं झालं. आईच्या मेसेजमागून एक शब्द आला नाही. मी स्वतःला भरपूर शिव्या दिल्या. वगळलं होतं ते वगळलेलंच राहू द्यायचं होतं, काय गरज होती? नवरा म्हणाला तू उगाच विचार करतेस. त्याचं बरोबर असेल, पण त्याचा बाप रोज त्याला तासभर फोन करतो, त्याला काय समजणार.

शेवटच्या आठवड्यात मी आईकडं चार ओळी मागितल्या. ती म्हणाली, माझं काय, मला सगळंच आवडलं, असं लिही. दुसऱ्या दिवशी तिच्या फोनवरून एक फोटो आला. अर्ध्यावर तिचा अंगठा. रेघांचा कागद, डाव्या बाजूला घडी घालून समास पाडलेला, आणि निळ्या शाईत बाबांचं अक्षर. शाळेत ते हिंदी शिकवायचे. कुठल्याही उताऱ्याचं उत्तर तीन भागांत लिहायचं, संदर्भ, प्रसंग आणि व्याख्या, म्हणजे आपलं स्पष्टीकरण, आणि तीन भाग नसले तर गुण नाहीत. कागद तसाच होता.

"संदर्भ. प्रस्तुत भाग मेक्सिको देशाच्या कादंबरीच्या सातव्या अध्यायातून घेतला आहे.

प्रसंग. मुलगा गाव सोडून जाऊन राहिला आहे. बाप शिक्षक असून निरोप द्यायला गेलेला नाही.

व्याख्या. लेखकाच्या मते बाप रागात होता. हे अर्धे बरोबर आहे. राग आठ-पंधरा दिवस राहतो. त्याच्या पुढे फक्त पहिले कोणी बोलायचे एवढाच प्रश्न उरतो. शिक्षकाला जन्मभर सवय असते की विद्यार्थ्याने आधी हात वर करावा. ही सवय शाळेत ठीक आहे, घरात ठीक नाही. बाप रिकाम्या वर्गात जाऊन बसला हे खरे वाटते, मास्तर दुसरीकडे कुठे जाणार. परंतु त्याने जायला पाहिजे होते. मुलगी दोनदा वळून पाहत होती."

खाली सही, आणि सहीखाली "से. नि. शिक्षक".

मी लॅबच्या जिन्यात बसून रडले, सरळ, तोंड न लपवता. मग फोन केला. यावेळी पहिल्याच घंटीला त्यांनी उचलला. मी म्हटलं, बाबा, वाचलं, छान लिहिलं. आणि मग, कारण मी त्यांचीच मुलगी, विचारलं, "शेवटच्या ओळीत मुलगी झालंय. मुलगा करून टाकू का?"

"नको," ते म्हणाले. "मी दोनदा तपासलं हाय. तसंच टाक."

मग दोघंही थोडा वेळ बोललो, काय बोललो ते सांगण्यासारखं नाही. संत्र्याला यंदा फळ किती, माझ्या लॅबमध्ये दिवसाला किती नमुने येतात, मशीन कशी चालते, रक्त किती वेळात खराब होतं. रक्ताबद्दल त्यांनी खोदून खोदून विचारलं. पुण्यात आल्यापासून मला कोणी घर कुठं विचारलं की मी आधी जरा थांबायचे, कारण इथल्या एका घराचे हप्ते मी भरते आहे आणि दुसऱ्या घरात माझ्याशी कोणी बोलत नव्हतं. त्या दुपारी जिन्यात बसून ते थांबणं संपलं. जिथं कोणी आपल्या कामाबद्दल इतकं विचारतं तिथं आपलं घर असतं, मग ते सौसरात असो नाहीतर फोनच्या दुसऱ्या टोकाला.

कागदाचा फोटो ग्रुपवर टाकला, आईच्या अंगठ्यासकट, बाबांच्या नावानं. बऱ्याच जणांनी छान छान लिहिलं. नाशिकच्या एक बाई आहेत, सगळी पुस्तकं पेन्सिल घेऊन वाचतात. त्यांनी संध्याकाळी लिहिलं की काकांचं लेखन फार आवडलं, पण दोन चुका राहून गेल्या आहेत. कादंबरीत मुलगी नाही, मुलगा आहे, आणि तो एकदाच वळून बघतो, तर दुरुस्त करणार का.

मी लिहिलं, "नाही ताई. आमच्या घरच्या प्रतीत असंच आहे."