जेसीबीतलं डिझेल

अहमदपूरच्या एका कॉलेजात मी राज्यशास्त्र शिकवते. शिकवलेलं किती जणांच्या लक्षात राहिलं देव जाणे, पण स्टाफरूममधले किस्से माझ्या डोक्यात मुक्कामाला आलेत आणि जायचं नाव घेत नाहीत! टीव्हीवर कुणी "हल्ला करू" म्हणालं, की ते सगळे एकदम जागे होतात.

*

इतिहासाच्या कांबळे सरांकडे कात्रणांची जाडजूड वही आहे. डाव्या पानावर महासत्तेचे मित्र, उजव्या पानावर शत्रू. फार पूर्वी एका तेलवाल्या देशाच्या हुकूमशहाचा फोटो त्यांनी डावीकडे डिंकाने पक्का चिकटवला. महासत्तेचे बडे पाहुणे त्याचा हात हातात घेऊन हसत उभे! त्याच्या तुरुंगात सडणाऱ्या माणसांबद्दल अवाक्षर नाही.

काही वर्षांनी तोच हुकूमशहा राक्षस ठरला. सर फोटो उजवीकडे न्यायला गेले, तर पान फाटलं आणि पाठीमागचा एक जुना शत्रूही फाटला.

तेव्हापासून सरांनी डिंक सोडला. "म्याडम, आता नुसती टाचणी लावायलो!"

*

मी एकदा परीक्षेत विचारलं, "महासत्ता परक्या हुकूमशहांना मदत का करतात?"

एका मुलीने एकच ओळ लिहिली. "हुकूमशहा आपला असला की त्याला खंबीर नेता म्हणतात."

मी पैकीच्या पैकी गुण दिले. पेपर पुन्हा तपासणाऱ्या कांबळे सरांनी खाली लाल शाईत लिहिलं, "मुद्दा बरोबर. पण इतक्या लवकर कळायला नको होता!"

*

आता आमचे अण्णा. म्हणजे संस्थेचे अध्यक्ष. संस्थेची निवडणूक आली, की शेजारच्या शाळेने बळकावलेली आपली वीस फूट जागा त्यांना आठवते. मधल्या वर्षांत ती आठवत नाही.

गेल्या खेपेला तर त्यांनी कुंपणापाशी जेसीबी उभा केला, त्याला हार घातला आणि माइकवर गरजले, "उद्या सकाळी हे कुंपण दिसणार नाही! विरोधात बोलेल तो संस्थेचा वैरी!" सगळ्यांनी मुकाट्याने हात वर केले. मीसुद्धा केला, आणि त्याची मला अजून लाज वाटते. अण्णा निवडून आले. कुंपण जिथल्या तिथं!

आमचे शिपाई शेखमामू हसून म्हणाले, "म्याडम, त्या जेसीबीत डिझेलच न्हवतं. मला आणायला धाडलं अन् फाटकातूनच माघारी बोलावलं."

*

मामूंचा पोरगा इरफान आखातात वायरमन आहे. गेल्या वर्षी त्याचा निकाह ठरला, मुलगी उदगीरची. दारात मंडप उभा राहिला आणि त्याच आठवड्यात महासत्तेच्या अध्यक्षांनी इरफानच्या शेजारच्या देशाला युद्धाची धमकी दिली. विमानं बंद. मंडप इकडे, नवरदेव तिकडे.

मामू स्टाफरूमच्या स्टुलावर बसून फोन लावत होते. लागत नव्हता. मी आपला पुस्तकी धीर दिला, "मामू, महासत्तेत पुढल्या वर्षी निवडणूक आहे. मतांसाठी चाललंय सगळं. आपल्या अण्णांसारखंच."

"हाव म्याडम," मामू म्हणाले, "पण त्यांच्या जेसीबीत डिझेल असतंय."

तिसऱ्या दिवशी फोन लागला. पोरगा सुखरूप होता, पण निकाह राहिला तो राहिलाच.

*

परवा मामू नवी पत्रिका घेऊन आले. सोबत उदगीरचे व्याही होते, जरा नाराजच.

"ऐन सोयाबीनच्या राशीत, मळणीच्या धांदलीत ही तारीख कुणी काढली?" व्याही म्हणाले. "आपल्यात तर मुहूर्त बघत न्हाईत."

"मुहूर्त न्हाई बघितला," मामू शांतपणे म्हणाले. "कांबळे सरांना विचारलं. महासत्तेतली मतमोजणी झाली, की चौथ्या दिवशी निकाह."

व्याही चहा संपेपर्यंत पत्रिकेकडे बघत राहिले. मग हळूच खुर्ची कांबळे सरांकडे सरकवली.

"सर, धाकट्या पोरीचं बी ठरवायलो. तो नवरदेव बी आखातातच हाय. त्यांची पुढली निवडणूक कधी?"