कॉनर पुन्हा रिटायर झाला

ऑफिसातले किस्से ड्रॉवरमधल्या केचपच्या पुड्यांसारखे साठत जातात. ड्रॉवर बंद होईनासा झाला, की मग लक्ष जातं. जर्मनीतल्या एश्बॉर्नच्या आमच्या ड्रॉवरमध्ये निम्म्या पुड्या कॉनरच्या!

कॉनर आयरिश, आमच्या सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर. माझ्या शेजारचं टेबल त्याचं. अठरा वर्षं तो गावच्या क्लबाकडून हर्लिंग खेळला. म्हणजे चपट्या लाकडी काठीनं कडक चेंडू हाणायचा आणि मधे येईल त्याला धडकायचं. बोटं मोडून झाली, गुडघा गेला, पण काउंटीची, म्हणजे जिल्ह्याची, फायनल काही जिंकता आली नाही. "एक मेडल हवं होतं रे," एवढंच म्हणायचा. मला खरंच वाईट वाटायचं.

*

आमचे बॉस हेर फोगेल. सगळं मुळापासून समजून घेणारे.

"क्लब पगार देतो?"

"नाही."

"मग जिंकणाऱ्या क्लबात का गेला नाहीस?"

कॉनर म्हणाला, "आणि आईला काय सांगू?"

"गेनाऊ! अगदी बरोबर," हेर फोगेल म्हणाले.

*

एकदा एस-बान लोकलमध्ये तिकीट तपासनीस कॉनरच्या काठीकडे संशयानं बघायला लागला. "हे काय?"

"रिटायर झालोय," कॉनर म्हणाला, "आता काठी लागतेच."

*

रविवारी पार्कात तो आम्हा पुणेकरांना खेळ शिकवायचा. आमच्या देशपांडेच्या अंगात क्रिकेट भिनलेलं. चेंडू आला तसा पाय पुढे टाकून, कोपर वर काढून त्यानं तो पायाशी अलगद थांबवला. आम्ही टाळ्या वाजवल्या.

"सुंदर!" कॉनर म्हणाला. "आता तुला अँब्युलन्स बोलावतो. तीन जण तुझ्या अंगावर आलेत."

*

खेळातून रिटायर तो चार वेळा झाला. दर वेळी गावच्या हॉलमध्ये समारंभ, दर वेळी भाषण. चौथ्या वेळी त्याला मधेच भरून आलं. तेव्हा मागच्या बाकावरून कुणीतरी उरलेलं भाषण पूर्ण करून टाकलं. सगळ्यांना पाठ होतं!

*

आणि मग ऑक्टोबरात एका शनिवारी गावाहून फोन. क्लब फायनलला, उद्या मॅच, एकाचा हात मोडलाय, ये! कॉनर काठी न्यायला धावत आमच्या घरी आला. रविवारचं सामान आमच्याकडेच असायचं.

नेमकी खंडेनवमी. माझ्या बायकोनं, सुधानं, पाटावर माझा लॅपटॉप, विळी, स्क्रूड्रायव्हर आणि कॉनरची काठी मांडून हळदकुंकू वाहिलेलं. वर झेंडूचं फूल.

"अहो, सांगा ना त्याला," सुधा मला म्हणाली, "पूजेतली वस्तू आज उचलायची नसते. उद्या दसरा, उद्या खुशाल नेऊ दे."

मी सांगितलं. संध्याकाळचं विमान होतं त्याचं. त्यानं ते सोडून रविवारी सकाळचं तिकीट काढलं. पहाटे तो काठी उचलत होता तेव्हा सुधा म्हणाली, "पुसून देऊ का?"

"नको," कॉनर म्हणाला, "असू दे."

मेडल मिळालं. एका पॉइंटनं! फक्त शेवटची शिट्टी झाली तेव्हा कॉनर मैदानात नव्हता. सोमवारी त्यानंच सगळं सांगितलं.

तिकडे पाऊस. बरोबरी, दोन मिनिटं उरलेली. काठीवरचं कुंकू ओघळून त्याच्या हातांना, पांढऱ्या जर्सीला लागलं. रक्त दिसलं की खेळाडूनं बाहेर जायचं, असा नियम. रेफरीनं त्याला बाहेर काढलं. डॉक्टर जखम शोधतोय, जखम सापडत नाही.

कॉनर ओरडला, "हे रक्त नाही! सुधानं काठीची पूजा केलीये!"

डॉक्टरनं जखम शोधणं सोडलं, डोक्याला मार लागलाय की काय म्हणून खिशातून टॉर्च काढला आणि त्याच्या डोळ्यांत मारला. "शांत हो. मला फक्त सांग, आज कोणता दिवस आहे?"

"दसरा!"